विकत घेतले, पण कोणाचे झाले?

चवथीला माटोळीसाठी सुपारीचे घोस, तोरिंग आणि चिबूड घ्यायला बाजारात गेलेला गोमंतकीय गृहस्थ हल्ली तेवढ्यावर परतत नाही. चार दुकाने पलीकडे रोषणाई केलेले विद्युत उपकरणांचे दालन असते; दारात सवलतींचे फलक असतात, आणि आत मुलांनी महिनाभर आधीपासून हेरून ठेवलेली वस्तू असते. चवथ, दसरा, दिवाळी आणि शेवटी नाताळ अशी चार महिन्यांची ही सुगी दुकानदारांनी, आणि त्यांच्याहून अधिक घरपोच माल धाडणाऱ्या कंपन्यांनी, चांगलीच ओळखली आहे. भ्रमणध्वनी, मनगटावरचे संगणकी घड्याळ, भिंतीएवढा दूरचित्रवाणी संच आणि त्याला जोडायचा गेम कन्सोल ही यादी आता पणजी-मडगावच्या सुखवस्तू घरांपुरती राहिलेली नाही.

या खरेदीविरुद्ध प्रवचन झोडण्याचा आमचा मानस नाही. मुले खेळाच्या यंत्रापायी बिघडतात की त्यांची बुद्धी तल्लख होते, या वादातही आम्हांस शिरावयाचे नाही. तो वाद रेडिओच्या काळापासून चालू आहे आणि प्रत्येक पिढीने तो नव्या यंत्राच्या नावाने पुन्हा घातला आहे. सणासुदीला घरात एखादी नवी वस्तू यावी, पोराबाळांनी तिच्याभोवती कोंडाळे करावे, यात गैर ते काय? आमचा प्रश्न निराळा आणि तसा साधाच आहे. पैसे मोजून, पावती घेऊन, खोके घरी आणल्यानंतर ती वस्तू कोणाची झाली?

हा प्रश्न काही वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा असेच लोक म्हणाले असते. आपल्या गोमंतकात खरेदी म्हणजे घरात भर घालणे, असाच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पावसापूर्वी पुरुमेंताला मिरच्या, सोले आणि सुकी मासळी भरून ठेवली की ती त्या घराची झाली. तिचे काय करावे हे विकणाऱ्याने नंतर येऊन सांगण्याचा प्रश्नच नव्हता. तीच गोष्ट यंत्रांची. बोटीवरून परतणारे तारवटी आणि पुढे कुवेत, बहारीन, मस्कतहून येणारे आमचे नोकरदार यांनी ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर आणि टू-इन-वन घरोघरी पोचविले. कस्टमच्या टेबलावर काय जकात भरावी लागेल ती एकदा भरली, की त्या वस्तूवर जगातील कोणाचाही हक्क उरत नसे. ती मेहुण्याला भेट देता येई, अडचणीच्या वेळी विकता येई, बिघडली तर गावच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेता येई. कित्येक घरांत असा टेपरेकॉर्डर, तो बनविणाऱ्या कंपनीला विस्मृतीत टाकून, आजही कपाटावर धूळ खात बसला आहे. कळ दाबली तर कदाचित वाजेलही.

खेळाच्या यंत्रांचीही सुरुवात अशीच झाली. १९९० च्या दशकात जपानी यंत्रांच्या नकला म्हणून आलेले, दूरचित्रवाणी संचाला जोडायचे ते स्वस्त डबे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्यात घालायची ‘कॅसेट’ आठवत असेल. ती वास्तविक कॅसेट नव्हेच, पण नाव तेच रूढ झाले. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची थाप वेष्टनावर मारलेली असे आणि प्रत्यक्षात तेच पाचसहा खेळ पुनःपुन्हा येत. चालेनाशी झाली की मुले तिच्या तळाशी फुंकर मारीत. परंतु ती कॅसेट एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर फिरे. एकाने विकत घेतलेला खेळ सुट्टी संपेपर्यंत दहा जण खेळत. मुलांच्या या उसनवारीला कोणाचीही परवानगी लागत नसे.

१९३० चा मालविक्रीचा कायदा आपल्याकडे आजही लागू आहे. किमतीच्या मोबदल्यात मालाची मालकी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाणे म्हणजे विक्री, अशी त्याची सरळ कल्पना आहे. सणाच्या खरेदीत नेमकी हीच मालकी आता गळून पडू लागली आहे, आणि ते घेणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

एक उदाहरण पाहू. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन-५ हा कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आला. त्याचे दोन प्रकार होते. तबकडी घालण्याची सोय असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये, आणि ती सोय नसलेल्या, केवळ अंतरजालावरून खेळ उतरवून घेणाऱ्या यंत्राची किंमत ३९,९९० रुपये. दहा हजार रुपयांचा हा फरक पाहून एखाद्या बापाने स्वस्त यंत्र घेतले तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु या दहा हजारांच्या बदल्यात त्याने काय दिले? खेळून झालेला खेळ विकण्याचा, शेजारच्या मुलाला देण्याचा, जुन्या बाजारातून निम्म्या किमतीस घेण्याचा अधिकार त्याने कायमचा सोडला. नवा खेळ चार-पाच हजारांच्या घरात जातो. पाच तबकड्या निम्म्या किमतीने विकल्या तरी ते दहा हजार फिटतात. पुढचे सारे नुकसान. हा हिशेब दुकानात कोणी मांडून दाखवीत नाही. वेष्टनावर तर नाहीच नाही.

पूर्वी यंत्र जुने झाले की त्याची किंमत उतरत असे, आणि ज्याला पहिल्या वर्षी परवडत नसे तो तिसऱ्या वर्षी घेई, हा गरिबाचा एक आधार होता. हाच प्लेस्टेशन-५ नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतात पाच हजारांनी महागला. हे जाता जाता.

मालकी गेल्याने प्रत्यक्षात काय होते, याचे ठळक उदाहरण मोटारींच्या एका खेळाने घालून दिले. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ नावाचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे ऐन नाताळाच्या बाजारात आणला. लोकांनी तो पूर्ण किमतीस घेतला. अनेकांनी तर तबकडीवर घेतला. एकट्याने खेळता येईल असा बराच मोठा भाग त्यात होता. तथापि खेळ सुरू करायचा तर कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधलाच पाहिजे, अशी त्याची रचना होती. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून तबकडी हातात, यंत्र सुस्थितीत, पावती फाइलीत, आणि खेळ मात्र नाही, अशी ग्राहकांची अवस्था झाली. पुढे ज्यांनी तो अंतरजालावरून घेतला होता त्यांच्या संग्रहातून त्याचा परवानाच काढून घेण्यात आला. चोर शिरला म्हणावे तर कुलूप शाबूत. विक्रेत्याने वस्तू परत नेली म्हणावे तर पैसे परत नाहीत.

या खेळाच्या तुलनेत एक जुनी फजिती आठवते. १९८२ च्या नाताळासाठी अमेरिकेत अटारी कंपनीने ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर एक खेळ घाईघाईने काढला. तो तयार करण्यास जेमतेम पाच आठवडे मिळाले होते आणि खेळ इतका रद्दी निघाला की न खपलेल्या मालासह अटारीने आपली लाखो कार्ट्रिजे सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो येथे जमिनीत पुरली. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा खणून काढण्यात आली, आणि त्यातील एक कार्ट्रिज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसले. अटारीने ग्राहकांस वाईट माल विकला, यात संशय नाही. पण तो विकला! ज्याने घेतला त्याच्या घरातील कार्ट्रिज कंपनी बुडाल्यावरही त्याचेच राहिले. कचऱ्यात पुरलेला खेळ एकतीस वर्षांनी हातात धरता येतो आणि दहा वर्षांपूर्वी पूर्ण किमतीस घेतलेला खेळ सुरू होत नाही, याला प्रगती म्हणावयाचे असेल तर म्हणावे.

ही स्थिती एका रात्रीत आली नाही, आणि यात ग्राहकांचाही वाटा आहे, हे आम्हांस नमूद केलेच पाहिजे. मायक्रोसॉफ्टने मे २०१३ मध्ये आपला एक्सबॉक्स-वन हा कन्सोल जाहीर केला तेव्हा यंत्राने चोवीस तासांतून एकदा अंतरजालावर हजेरी लावावी आणि जुन्या तबकड्यांच्या देवघेवीवर निर्बंध असावेत, असा बेत होता. लोक संतापले. प्रतिस्पर्धी सोनीने एका माणसाने दुसऱ्याच्या हातात तबकडी दिली की झाले, असे दाखविणारी चित्रफीत काढून त्यांची यथेच्छ टिंगल केली. महिन्याभरात, १९ जून रोजी, मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. परंतु जे २०१३ मध्ये सक्तीने लादता आले नाही, ते पुढच्या दहा वर्षांत सवलतीच्या रूपाने आपण राजीखुशीने घरात घेतले. टिंगल करणाऱ्या सोनीनेच तबकडीविना यंत्र काढले आणि ते स्वस्त म्हणून खपलेही. जून २०२५ मध्ये आलेल्या निंटेंडोच्या स्विच-२ या यंत्रासाठीचे काही खेळ अशा कार्डावर मिळतात की त्या कार्डात खेळ नसतोच; खेळ उतरवून घेण्याची फक्त किल्ली असते. खोक्याच्या दर्शनी भागावर तसे छापलेले असते आणि ते कार्ड दुसऱ्यास देताही येते, हे कंपनीच्या बाजूने सांगणे न्याय्य होईल.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्याजोगे नाही. सर्व्हर चालविण्यास खर्च येतो. हजारो लोकांनी एकमेकांशी जोडून खेळावयाचा खेळ मूठभर माणसांसाठी यावच्चंद्रदिवाकरौ चालू ठेवा, असे कोणी शहाणा सांगणार नाही. नाटकाचे तिकीट काढणाऱ्याला नाटक घरी नेता येत नाही, हे आम्हांसही कळते. पण तिकिटावर ‘तिकीट’ असे लिहिलेले असते आणि प्रयोगाची तारीख व वेळही छापलेली असते! प्रयोगाचे तिकीट देताना ‘नाटक विकत घ्या’ अशी पाटी लावणाऱ्या नाट्यसंस्थेस प्रेक्षकांनी काय म्हटले असते? आणि खर्चाचा बाऊ किती करावा यालाही मर्यादा आहे. गूगलने २०१९ मध्ये सुरू केलेली ‘स्टेडिया’ ही खेळांची सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी गुंडाळली, तेव्हा तिच्या दुकानातून घेतलेल्या खेळांचे आणि यंत्रांचे पैसे ग्राहकांना परत केले. खुद्द युबिसॉफ्टनेही गिऱ्हाइकांचा क्षोभ पाहून ‘द क्रू’च्या पुढील भागांसाठी अंतरजालाविना खेळण्याची सोय करण्याचे सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केले, आणि दुसऱ्या भागासाठी ती २०२५ मध्ये करूनही दिली. म्हणजे जमत नव्हते असे नाही. कोणी विचारीत नव्हते, एवढेच.

हे केवळ पोरांच्या खेळापुरते आहे असे समजून ज्येष्ठ वाचकांनी निर्धास्त राहू नये. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रावरून लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके दूरवरून परस्पर पुसून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखाने क्षमाही मागितली. पण पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी होती. जुने कागद आणि त्यांवरचा इतिहास सरकार जाळून टाकते अशी जिची कथा, तीच नेमकी नाहीशी व्हावी, हा योग कोणा विनोदी लेखकालाही सुचला नसता. आपण संग्रहित केलेली गाणी, चित्रपट, मुलांची पाठ्यसामग्री यांतील कितीशी वस्तुतः आपली आहे, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.

याबाबत इतरत्र काही हालचाल झाली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. जी वस्तू खरोखर मालकीची होत नाही तिच्यासाठी ‘विकत घ्या’ हा शब्द वापरावयाचा असेल, तर हा केवळ परवाना आहे असे ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे, असे तो म्हणतो. कायदा अमलात येण्यापूर्वीच ‘स्टीम’ या खेळांच्या सर्वांत मोठ्या दुकानाने आपल्या पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना झळकविली. युरोपात, विकलेले खेळ असे मारून टाकू नयेत या मागणीच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या.

आपल्याकडे काय? शब्दांची फसवणूक आपल्या नियामकांना कळत नाही, असे मुळीच नाही. सणाच्या जाहिरातींतून ‘शून्य टक्के व्याज’ असे हप्ते दिले जात, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांस खडसावले होते की शून्य व्याज अशी काही चीजच नसते. ते व्याज कोठेतरी लपविलेले असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अंतरजालावरील विक्रीतील छुप्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच दिली. खोटी घाई करणे आहे, टोपलीत न सांगता वस्तू सरकविणे आहे. परवान्याला विक्री म्हणणे ही चौदावी क्लृप्ती मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे आलेली नाही. ती यावी, अशी आमची मागणी आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य करार रद्द ठरविण्याची तरतूद केली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण तो अधिकार जिल्हा आयोगाला नव्हे, राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. म्हणजे चार हजारांचा खेळ बंद पडला आणि ज्या करारान्वये तो बंद पडला त्या करारालाच आव्हान द्यावयाचे, तर काणकोणच्या माणसाने पणजीची वाट धरावयाची आणि समोर परदेशी कंपनीचे वकील उभे! खेळाच्या किमतीहून बसभाडे आणि बुडालेली रोजंदारी अधिक होईल. अशा तरतुदी पुस्तकात शोभून दिसतात.

म्हणून तक्रारीच्या वाटेपेक्षा आधीच्या माहितीची वाट आम्हांस अधिक उपयोगाची वाटते, आणि तिला नवी यंत्रणाही नको. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव, महिना व वर्ष, कमाल किंमत आणि नगांची संख्या छापावीच लागते. बिस्किटांच्या पुड्यावर वजन लिहिले नाही तर निरीक्षक दुकानदारास पकडतो. पन्नास हजारांच्या यंत्रावर ‘नग १’ एवढे लिहिले की नियम तृप्त होतो! तेथेच आणखी तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: अंतरजालाविना ही वस्तू चालते की नाही, चालत नसेल तर कंपनी ती निदान कोणत्या तारखेपर्यंत चालविण्याची हमी देते, आणि घेणाऱ्यास ती दुसऱ्यास विकता येईल की नाही. अंतरजालावर विकल्या जाणाऱ्या खेळांस खोके नसते. तेथे याच तीन ओळी पैसे भरण्याच्या कळीच्या वर याव्यात. त्या ओळी इंग्रजीबरोबर मराठीतून आणि कोकणीतूनही असाव्यात; तीस पानी करारनाम्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तर मुळीच असू नयेत. हप्त्यांवर घेतलेली वस्तू हप्ते फिटण्याआधी बंद पडणार असेल, तर निदान तेवढे तरी हप्ते घेणाऱ्यास ठाऊक असावे.

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली मंजूर झाला, त्याची आठवण म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात आणि पत्रके वाटली जातात. दिल्लीच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये याच दिवशी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक माहितीस्थळ उघडले, हे चांगले केले. मात्र ज्या वस्तूचा प्राण परदेशातील सर्व्हरमध्ये आहे तिला म्हापशाचा कुशलातला कुशल कारागीरही दुरुस्त करू शकणार नाही. हा दिवस नेमका नाताळाच्या पूर्वसंध्येस येतो, आणि तेव्हा दुकानांत गोव्याची शेवटच्या खरेदीची झुंबड उडालेली असते. आमच्या वजनमापे खात्याच्या निरीक्षकांनी त्या दिवशी सभागृहाऐवजी एखाद्या दुकानात जावे, गेम कन्सोलचे एक खोके हातात घेऊन त्यावरचा सगळा मजकूर वाचावा, कंपनीने सर्व्हर बंद केल्यास हा खेळ सुरू होईल काय असे काउंटरवरच्या मुलास विचारावे, आणि जे उत्तर मिळेल ते तसेच्या तसे दिल्लीस कळवावे.